सव्वा व्होल्ट

आपल्या भाषेने अपूर्णांकांना मोठ्या हौसेने नावे दिली आहेत. पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, औट. माझी आजी चारच इयत्ता शिकली. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी तिला अखेरपर्यंत तोंडपाठ होत्या. भाजीवालीशी हिशेब करताना तिला बोटे मोजावी लागत नसत. आमच्या पिढीपर्यंत येता येता ही सगळी मंडळी दशांशचिन्हामागे जाऊन बसली. सव्वा उरला तो सत्यनारायणाच्या प्रसादात आणि भटजींच्या दक्षिणेत.

गेल्या वर्षभरात मात्र या मापांशी माझी नव्याने ओळख झाली, आणि तीही संगणकाच्या पोटात! टेबलावरच्या संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. अलीकडच्या वीस वर्षांतला कोणताही घ्या, त्याचा सारा संसार पाऊण व्होल्ट ते दीड व्होल्ट एवढ्या अंतरात चालतो. काही काम नसले की पाऊण-एक, कामाचा रेटा आला की सव्वाच्या आसपास. आणि सतत दीड म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत वेशीबाहेरची गोष्ट. भिंतीवरच्या घड्याळात आपण जो सेल घालतो तो दीड व्होल्टाचा असतो. तो जिभेला लावला तरी फारसे काही जाणवत नाही. तेवढ्याच दाबाने हजारो रुपयांचा प्रोसेसर हळूहळू निकामी होऊ शकतो, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ती थट्टाच वाटली होती.

थट्टा वाटायला आणखी एक कारण होते. आमच्या घरात व्होल्टेज हा शब्द लहानपणापासून रोजच्या वापरातला. पण त्याचा अर्थ उलटा. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मोटार रिवाइंडिंगचा धंदा. तालुक्याच्या गावात बाजारपेठेच्या मागे त्यांचे दुकान आहे आणि दुकानात बाराही महिने जळालेल्या शेतीपंपांच्या मोटारी येऊन पडलेल्या असतात. मोटार जळते ती बहुधा व्होल्टेज कमी झाल्यामुळे. लाइनवर एकदम शंभर पंप सुरू झाले की चारशे पंधराचे तीनशे होतात. मोटारीला पाणी तर तेवढेच ओढायचे असते. मग ती जास्त करंट खेचते, गुरगुरते, तापते आणि शेवटी वायंडिंग जळते. जळक्या वार्निशचा तो वास आप्पांच्या कपड्यांना इतका मुरलेला आहे की लहानपणी मला तो वडिलांचाच वास वाटे. तेव्हा आमच्या घरी कमी व्होल्टेज म्हणजे संकट, आणि पुरेसे व्होल्टेज म्हणजे देवाची कृपा. जास्त व्होल्टेजची तक्रार घेऊन आमच्याकडे क्वचितच कुणी आले असेल.

प्रोसेसरचे गणित नेमके याच्या उलट. त्याला दाब कमी पडला तर तो जळत नाही. तो चुकतो. बेरीज चुकते, आठवण चुकते, पडदा निळा होतो, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. दाब वाढवून दिला की बिचारा पुन्हा शहाण्यासारखा वागू लागतो. दाब जास्त झाला तर मात्र त्या क्षणी काहीच होत नाही. उलट यंत्र अधिक वेगाने चालते, मालक खूश होतो आणि नुकसान आत, कुणाला न दिसता, महिनोन्‌महिने साचत राहते. कमीची शिक्षा लगेच आणि माफक. जास्तीची शिक्षा उशिरा आणि कायमची.

हे मला शिकावे लागले ते दादामुळे. मी मराठी घेऊन बी.ए. करते, विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला आणि दोघांनाही त्याचे दुःख झाले नाही. पण दादाने २०२२ साली पतसंस्थेचे कर्ज काढून फ्लेक्सचे दुकान टाकले. वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, सत्यनारायणाची महापूजा, दहीहंडी. या महाराष्ट्रात फ्लेक्सवाचून कोणाचे जन्माला येणे किंवा मरणे पुरे होत नाही. (साहित्याच्या विद्यार्थिनीला तिथल्या शुद्धलेखनाने किती यातना होतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) दुकानासाठी दादाने जिल्ह्याच्या गावातून एक जुना संगणक आणला. त्यातला प्रोसेसर इंटेलचा आय-सेव्हन २६००-के, २०११ साली बाजारात आलेला. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितले होते की हा नव्या यंत्रांनाही मागे टाकेल. आणि खरेच तो पळत होता. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स, त्यावर एकवीस कार्यकर्त्यांचे चेहरे, प्रत्येकाची पार्श्वभूमी कापलेली. पण कुठे अडखळणे नाही.

२०२५ च्या श्रावणात तो अडखळू लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसातून दोनदा. गणपती २७ ऑगस्टला. मंडळांची कामे घेतलेली. आगाऊ पैसे घेऊन ते कर्जाच्या हप्त्यात भरलेले. एकदा तर रात्री दोन वाजता तयार झालेली एक मोठी फाइल जतन होता होताच यंत्र बंद पडले आणि नंतर ती फाइल उघडेचना. दादाने आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे पहिला संशय लाइटीवर घेतला. स्टॅबिलायझर आणला, यूपीएसची बॅटरी बदलली, आप्पांकडून अर्थिंग तपासून घेतले. काही फरक पडला नाही. मला सुट्टी होती, दादा म्हणाला, "तू एवढी पुस्तकं वाचतेस, जरा हेही वाच."

मी वाचू लागले. संगणक सुरू होताना एक विशिष्ट कळ दाबली की मूळ मांडणीचा पडदा येतो. त्याला बायोस म्हणतात. तिथे प्रोसेसरच्या वेगासमोर आकडा होता ४.६ गिगाहर्ट्‌झ. कारखान्याचा मूळ वेग ३.४, अधूनमधून उसळी घेतली तर ३.८. आणि व्होल्टेजसमोर "ऑटो" असायला हवे होते तिथे हाताने घातलेला आकडा होता: १.४५. म्हणजे विकणाऱ्याने घोड्याला चाबूक मारून पळवून दाखवले होते आणि चाबूक तसाच आत बांधून ठेवला होता.

आता हा १.४५ वाईट की बरा, हे कसे ठरवायचे? इथे मला आप्पांचा फार उपयोग झाला. त्यांना संगणक सुरूही करता येत नाही. पण वीज म्हणजे काय हे त्यांच्या बोटांना कळते. मी त्यांना क्रम सांगितला. भिंतीतून २३० व्होल्ट येतात. मागच्या पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये, त्यांचे १२ व्होल्ट होतात. आणि प्रोसेसरच्या अगदी शेजारी मदरबोर्डवर बारीक कॉइलांची रांग असते, ती या बाराचे सव्वा करते. आप्पांनी लगेच विचारले, "मग करंट किती?" प्रश्न बरोबर होता. दाब कमी म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त. या प्रोसेसरची उष्णता-मर्यादा ९५ वॅट, त्याला १.२ ने भागले तर सुमारे ८० अँपिअर येतात. पाच हॉर्सपॉवरचा शेतीपंप एका फेजवर घेतो साडेसात-आठ. आप्पांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. नखाएवढ्या सिलिकनच्या तुकड्यात, त्यांच्या दुकानातल्या मोठ्यात मोठ्या मोटारीपेक्षा कितीतरी जास्त करंट! "तार कुठली लावतात?" हा त्यांचा पुढचा प्रश्न.

तार तांब्याचीच असते. पूर्वी ॲल्युमिनियमची असे. १९९७ साली आयबीएमने तांब्याची युक्ती जाहीर केली. पण ती इतकी बारीक की तिच्यातून धावणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंनाच ढकलत नेतात. ओढ्याच्या पाण्याने काठाची माती एकीकडे खरवडावी आणि पुढे गाळ साचवावा तसे. एका जागी तार झिजते, दुसऱ्या जागी फुगवटा येतो. एक दिवस तुटते किंवा शेजारणीला चिकटते. १९६९ साली जेम्स ब्लॅक या अभियंत्याने याचा हिशेब मांडला: प्रवाहाची दाटी दुप्पट झाली तर तारेचे आयुष्य साधारण चौथाईवर येते, आणि तापमान वाढले तर त्याहूनही झपाट्याने घटते.

तापमानाचे ऐकून आप्पा म्हणाले, "हे आमच्यातलंच आहे." मोटारीच्या इन्सुलेशनबद्दल या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: दर दहा अंशांच्या वाढीला आयुष्य निम्मे. मोटार जळते त्या दिवशी जळत नाही, गेली पाच वर्षे जळत असते, असे ते गिऱ्हाइकाला नेहमी सांगतात. गिऱ्हाइकाला ते पटत नाही.

प्रोसेसरमध्येही इन्सुलेशन असते, आणि खरी नाजूक गोष्ट तीच. आतला प्रत्येक ट्रान्झिस्टर हा एक नळ समजा. या प्रोसेसरमध्ये असे सुमारे शंभर कोटी नळ आहेत. नळाची चावी आणि पाणी यांच्यामध्ये एक पडदा असतो. २००४ च्या सुमाराच्या इंटेलच्या प्रोसेसरांत हा पडदा १.२ नॅनोमीटर जाड होता. म्हणजे चार-पाच अणू एकावर एक ठेवले तर होईल तेवढा. त्यावर सव्वा व्होल्ट लावला तर मीटरला शंभर कोटी व्होल्ट या प्रमाणात ताण पडतो. हवेतून ठिणगी उडायला मीटरला तीस लाख पुरतात. आभाळातली वीज ज्याच्यापुढे पोरकट वाटावी असा ताण त्या पडद्यावर क्षणोक्षणी असतो आणि तो टिकतो, हेच आश्चर्य. पडदा आणखी पातळ करणे अशक्य झाले तेव्हा २००७ मध्ये हाफ्नियम नावाच्या धातूचे संयुग वापरून जाड पण तितकाच गुणी पडदा करण्यात आला. तरीही व्होल्टामागचा हिशेब सुटला नाही.

म्हणून दाब उतरत गेला. १९७१ चा पहिला ४००४ हा प्रोसेसर पंधरा व्होल्टांवर चाले. १९७८ च्या ८०८६ ला पाच लागत. १९९३ च्या पहिल्या पेंटियमलाही पाचच. वर्षभरात त्याच्या धाकट्या भावंडांना ३.३. २००२ च्या पेंटियम फोरला दीड. ट्रान्झिस्टर जितका लहान कराल तितका दाब कमी करा म्हणजे ताण आणि उष्णता वाढणार नाही, हा नियम रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये १९७४ सालीच सांगून ठेवला होता. तीस वर्षे गाडी त्या रुळावर चालली. २००५ च्या आसपास ती सव्वा-एकच्या स्थानकावर येऊन थांबली. कारण दाब त्याहून खाली नेला की नळ नीट बंदच होईनात, थेंब थेंब गळू लागले. वेगाच्या वाढीला तेव्हापासून जी खीळ बसली ती इथे.

त्या २००२ च्या पेंटियम फोरची एक करुण गोष्ट आहे. त्या पिढीचे नाव नॉर्थवुड. हौशी लोकांना आधीच्या पिढीची सवय होती. तिला पावणेदोन व्होल्ट चालत. त्यांनी नव्यालाही १.७ च्या वर दिले. यंत्रे मस्त चालली. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एकेक प्रोसेसर कसलीही सूचना न देता मरू लागला. लोकांनी त्या मरणाला आजाराचे नावच दिले: सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम. मागच्या पिढीचा सुरक्षित आकडा पुढच्या पिढीला विष ठरतो, ही गोष्ट या जगात दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी नव्याने शिकतो.

दादाच्या यंत्राकडे वळू. एक साधा नियम आहे: उष्णता ही वेगाच्या प्रमाणात वाढते, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग ३.४ चा ४.६, म्हणजे सुमारे एकतृतीयांश जास्त. दाब १.२ चा १.४५, त्याचा वर्ग केला की जवळजवळ दीडपट. दोन्ही गुणा: उष्णता दुप्पट होते. एकतृतीयांश वेगासाठी दुप्पट उष्णता, आणि करंट ८० अँपिअरवरून सव्वाशेच्या वर. हा सौदा करणारा माणूस दुसऱ्याच्या पैशाने करतो आहे हे उघड आहे.

मग तो अडखळत का होता? त्याचे वय झाले होते. सततच्या ताणाने आणि उष्णतेने ट्रान्झिस्टर मंद होतात. तेवढ्याच वेळात उघडझाप करायला त्यांना जास्त धक्का लागतो. पूर्वी १.४५ मध्ये ४.६ चा वेग गाठणाऱ्याला आता तेवढे पुरत नव्हते. यातला डाव लक्षात घ्या. आणखी दाब दिला तर तो पुन्हा चालेल, आणि जास्त दाबामुळे अधिक वेगाने म्हातारा होईल; मग आणखी दाब. हातउसने फेडायला हातउसने घेण्यासारखे हे आहे, आणि आमच्या घरात त्या वेळी ही उपमा कुणाला समजावून सांगावी लागली नसती.

दादाने विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "दीडपर्यंत बिनधास्त वाढवा, कंपनीच्याच कागदात १.५२ लिहिलंय." कागदात तो आकडा खरोखर आहे. मी तो शोधून वाचला. पण तो प्रोसेसर मदरबोर्डकडे जो दाब मागतो त्या मागणीच्या सांकेतिक पट्टीचे शेवटचे टोक आहे. ताप मोजायच्या काचेच्या नळीवर ४२ अंशांपर्यंत रेघा असतात, म्हणून ४२ ताप चालतो असे कुणी म्हणत नाही. प्रत्येक प्रोसेसरला तपासून कारखाना त्याचा त्याचा आकडा आत लिहून ठेवतो. एकाच नावाच्या, एकाच दिवशी निघालेल्या दोघांचेही आकडे सारखे नसतात. एकाला १.१५ पुरते, दुसऱ्याला सव्वा लागतो. "सुरक्षित व्होल्टेज किती?" या प्रश्नाचे एकच उत्तर देणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. किती दाब, किती ऊन, किती भार आणि किती वर्षे, हे चारही सांगितल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थ नाही. या पिढीसाठी जाणकार लोक साधारण १.३५ ते १.४ ही वरची सीमा मानत. तीही चांगला थंडावा असेल तर आणि यंत्र स्वतःच्या हौसेचे असेल तर. दुकानाचा हप्ता ज्यावर चालतो त्या यंत्राला हौसेचा हिशेब लावायचा नसतो, असे माझे मत झाले.

आणखी एक बारकावा मला आप्पांच्याच भाषेत कळला. बायोसमध्ये "लोडलाइन" नावाची एक मांडणी असते. प्रोसेसरवर भार आला की त्याचा दाब थोडा खचतो. हे खचणे मुद्दाम ठेवलेले असते. पण हौशी लोकांना ते खुपते आणि ते ही मांडणी कडक करून दाब ताठ ठेवतात. आता भार एकदम गेला तर? पंप जोरात चालू असताना व्हॉल्व्ह फाटकन बंद केला की पाण्याचा धक्का बसून पाइप फुटतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. कॉइलांतून शंभर अँपिअर धावत असताना प्रोसेसर अचानक स्वस्थ झाला की तसाच धक्का बसतो आणि दाब क्षणभर उसळतो. पडद्यावरचा आकडा सावकाश बदलतो. त्याला ही उसळी दिसतही नाही. खचायला जागा ठेवली असेल तर उसळी त्या जागेत जिरते. दादाच्या यंत्रात ही मांडणी सर्वांत कडक करून ठेवलेली होती. म्हणजे लिहिलेले १.४५, प्रत्यक्षात किती होत असेल ते त्या पडद्यांनाच माहीत.

त्या रात्री आमच्या घरात जे भांडण झाले ते व्होल्टांवरून झाले, असे सांगितले तर कुणाला खरे वाटणार नाही. दादाचे म्हणणे सोपे होते: गणपती होईपर्यंत दीड द्या, पुढचे पुढे बघू. तो चुकीचे बोलत नव्हता. दीडवर ते यंत्र कदाचित आठ दिवस चालले असते. मंडळांची कामे वेळेत गेली असती. पण तेच आठ दिवसांत मेले असते तर दुसरे आणायला पैसा नव्हता, आणि घेतलेले आगाऊ पैसे परत करायलाही नव्हता. आई काही बोलली नाही. तिने हिशेबाची वही आणून मध्ये ठेवली. आप्पा म्हणाले, "जुन्या मोटारीला मोठा पंप जोडत नाहीत. छोटा जोडा, जास्त वेळ चालवा."

मग मी दर पायरीला तपासत खाली आले. वेग मूळचा ३.४, उसळी बंद, लोडलाइन सैल, हीटसिंक साफ करून नवी पेस्ट. १.२० वर त्याने चुका केल्या. नव्या प्रोसेसरने बहुधा केल्या नसत्या, आणि तेवढेच त्याच्या नुकसानीचे मोजमाप माझ्या हाती लागले. १.२२ वर दोन तास टिकला. सव्वावर रात्रभर. तपासणीसाठी प्राइम९५ नावाचा कार्यक्रम वापरतात. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी तो आपापल्या संगणकावर चालवत आले आहेत; उत्तरे आधीच ठाऊक असलेली गणिते तो पुन्हा पुन्हा करायला लावतो आणि एक जरी चुकले तरी थांबतो. शास्त्रज्ञांना हव्या असलेल्या अशा निरुपयोगी वाटणाऱ्या संख्या आमच्या दुकानातल्या दहीहंडीच्या फ्लेक्सला उपयोगी पडल्या! पहाटे सहाला मी उठून पाहिले तर तो मुकाट्याने भागाकार करीत होता आणि तापमान साठाच्या खाली होते. आधी ते नव्वदला टेकत असे.

वेग अर्थातच गेला. जो फ्लेक्स चाळीस मिनिटांत व्हायचा त्याला जवळजवळ तास लागू लागला. दादाने दोन मंडळांची कामे शेजारच्या गावातल्या मित्राकडे वळवली आणि त्याचे कमिशन घेतले. तिसऱ्या मंडळाचे लोक येऊन बरेच बोलून गेले. आठ रात्री तो दुकानातच झोपला. मी बाजूला बसून "हार्दीक" चे "हार्दिक" करीत होते. यंत्र एकदाही बंद पडले नाही.

आता पाडव्याला नवा संगणक घ्यायचे चालले आहे. दादा परवा म्हणाला, "ह्याला मात्र हात लावायचा नाही. ऑटो म्हणजे ऑटो." मला त्याला सांगावे लागले की अलीकडे ऑटोनेही दगा दिलेला आहे. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या काही नव्या रायझेन प्रोसेसरांना मदरबोर्ड परस्पर जास्त दाब देत होते. मेमरीचा वेग वाढवायची एक तयार कळ दाबली की आतल्या एका भागाचा दाब चढे, आणि काही प्रोसेसर बैठकीसकट जळाले. कंपनीने त्या भागाला १.३ व्होल्टांची मर्यादा घालून दिली. मग २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांचे प्रकरण निघाले. मालकाने काहीही बदललेले नसताना ते स्वतःच गरजेपेक्षा जास्त दाब मागत आणि अकाली म्हातारे होत. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने आतल्या सूचना सुधारून १.५५ च्या वरची मागणी बंद केली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. पण ज्यांची झीज आधीच झाली होती त्यांना ती सुधारणा परत आणू शकली नाही.

"मग करायचं काय?" दादाने विचारले. करायचे एवढेच की यंत्र घरी आले की आधी मदरबोर्डचे नवे बायोस चढवायचे, मग मेमरीच्या त्या कळा बंद आहेत ना हे पाहायचे, पूर्ण भारावर आणि रिकामे असताना दाब किती येतो ते तासभर लिहून ठेवायचे, आणि ते आकडे कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदावर चिकटवायचे. तसा एक कागद जुन्या यंत्रात आहेच. आप्पांच्या दुकानात दुरुस्त झालेल्या प्रत्येक मोटारीला तारखेची आणि रीडिंगची चिठ्ठी बांधतात. त्याच गठ्ठ्यातली ती चिठ्ठी आहे, आणि आप्पांनी आपल्या हाताने तिच्यावर तारीख घातली आहे. जुने यंत्र आता घरी माझ्याकडे येणार आहे. हा लेख त्यावरच लिहिला.